वाचन अडतं तेव्हा : डिस्लेक्सियाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

तोंडी प्रश्न विचारला की पटकन उत्तर देणारं मूल धड्याचं पुस्तक उघडलं की अडखळतं. ‘कपाट’ला ‘कपडा’ म्हणतं, ओळी गाळतं, पाठ केलेला शब्द दुसऱ्या दिवशी नव्यानं वाचू लागतं. घरी आणि शाळेत त्याचा अर्थ बहुधा एकच लावला जातो : अभ्यास नको. पण कारण डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला शिकण्यातली विशिष्ट अडचण, हेही असू शकतं. सर्वसाधारण अंदाजानुसार शंभरातल्या पाच ते दहा मुलांना डिस्लेक्सिया असतो. चुकीच्या समजुतींपायी यातल्या कित्येकांची मदतीची वर्षं बोलणी खाण्यात जातात.

गैरसमज : बुद्धी कमी आहे, नाहीतर मूल आळशी आहे.

वस्तुस्थिती : १८९६ साली डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची नोंद केली. मुलगा हुशार, अंकांचे गुणाकार झटपट करणारा; पण सातव्या वर्षापासून शिकवूनही त्याला वाचता येत नव्हतं. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. डिस्लेक्सिया सर्व बौद्धिक पातळ्यांच्या मुलांत आढळतो. तो बऱ्याचदा आनुवंशिक असतो. आईबापांच्या लाडामुळे किंवा दुर्लक्षामुळे होत नाही.

गैरसमज : अक्षरं उलटी दिसतात, म्हणजे डोळ्यांचा दोष आहे.

वस्तुस्थिती : ‘तारे जमीन पर’ (२००७) या चित्रपटानं हा विषय घरोघरी पोचवला, आणि नाचणाऱ्या अक्षरांचं चित्रही लोकांच्या मनात ठसलं. बहुतेक मुलांची खरी अडचण मात्र ध्वनींशी असते. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं, हे त्यांना चटकन सांगता येत नाही. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड पक्की बसत नाही. अक्षरं उलटी लिहिणं सहा-सात वर्षांपर्यंत कोणत्याही मुलात दिसतं. नजर आणि कान जरूर तपासावेत. पण डोळ्यांचे व्यायाम किंवा रंगीत चष्मे यांनी डिस्लेक्सिया जातो याला शास्त्रीय आधार नाही, हे अमेरिकेतल्या बालरोग व नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्तपणे सांगितलं.

गैरसमज : हा इंग्रजीचा त्रास आहे, मराठीत तो नसतो.

वस्तुस्थिती : मराठीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं इंग्रजीपेक्षा सरळ आहे, त्यामुळे मूल चुका कमी करील, पण वाचन संथ आणि कष्टाचं राहू शकतं. देवनागरीचे स्वतःचे पेचही आहेत. ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी काढायची, उच्चारायची मात्र नंतर. ‘र’ एकच, पण ‘धर्म’मध्ये डोक्यावर आणि ‘चक्र’मध्ये पायाशी. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ दिसायला जवळचे. म्हणून तपासणी मुलाच्या भाषेतही व्हायला हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात मराठीचाही समावेश आहे.

गैरसमज : मोठं झालं की आपोआप येईल.

वस्तुस्थिती : डिस्लेक्सिया आयुष्यभर सोबत राहतो, पण योग्य शिकवण्यानं वाचन निश्चित सुधारतं. निदान साधारण आठव्या वर्षाच्या सुमारास पक्कं होतं. मदतीसाठी तोवर थांबू नये. पहिली-दुसरीतच ध्वनी सुटे करून ऐकवणं, एकेक अक्षर आणि चिन्ह ठरलेल्या क्रमानं पक्कं करणं, रोज थोडा वेळ भरपूर उजळणी घेणं उपयोगी पडतं. तोच शब्द शंभरदा लिहायला लावल्यानं हे साधत नाही.

गैरसमज : परीक्षेतल्या सवलती म्हणजे फुकटचे गुण.

वस्तुस्थिती : इतिहासाच्या पेपरात इतिहासाचं ज्ञान तपासायचं असतं, वाचनाचा वेग नव्हे. जादा वेळ किंवा लेखनिक मिळाला तरी उत्तर मुलालाच यावं लागतं. महाराष्ट्रानं अशा सवलती १९९६ मध्ये दिल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) समावेश झाल्यानं त्यांना कायद्याचंही बळ आहे. सवलतींसाठी लागणारं प्रमाणपत्र नुसतं मागून मिळत नाही. अधिकृत रुग्णालयात बुद्ध्यांक आणि वाचन-लेखनाच्या चाचण्या होतात. हे प्रमाणपत्र लपवण्यासारखं काही नाही.

शंका आली तर आधी वर्गशिक्षकांशी बोला आणि तपासणी करून घ्या. मुलाला सगळ्या वर्गासमोर मोठ्यानं वाचायला उभं करू नका. त्याला समजलंय का, हे तोंडी विचारा. त्याच्या वयाच्या गोष्टी त्याला वाचून दाखवा, म्हणजे वाचन मागे असलं तरी शब्दसंपत्ती आणि कुतूहल मागे पडणार नाही. आणि दोष त्याचा नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. स्वतःला ‘ढ’ समजू लागलेल्या मुलाला शिकवणं फार कठीण जातं.