अंगावरचे ओझे आणि चालीचा हिशेब

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात पावसाळ्यात कपाशीवर फवारणी सुरू झाली की पाठीवर पंप घेतलेली माणसे शेतोशेती दिसू लागतात. 16 लिटरचा पंप काठोकाठ भरला म्हणजे पाण्याचेच 16 किलो ओझे होते. पंपाचे वजन निराळे. हे ओझे घेऊन माणूस कसा चालतो, याचा विचार मात्र सहसा होत नाही. वास्तविक त्यावर त्याचे शरीर आणि औषधाची मात्रा ही दोन्ही अवलंबून असतात.

निरोगी माणसाची चाल घड्याळाच्या लंबकासारखी काटकसरीची असते. अंगावर वजन चढले की ही चाल बदलते. पाठीवर ओझे असल्यास धड पुढे झुकते आणि दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकलेले राहण्याचा काळ वाढतो.

ओझे किती, याइतकेच ते कोठे, यालाही महत्त्व आहे. दत्ता व रामनाथन या भारतीय संशोधकांनी 1971 साली 30 किलो ओझे वाहण्याच्या सात पद्धती तपासल्या. ओझे छाती व पाठ यांवर विभागून घेतल्यास श्रम सर्वांत कमी पडले. दोन्ही हातांत धरल्यास सर्वांत जास्त. 1969 सालच्या एका अमेरिकन प्रयोगात पायांवर बांधलेल्या प्रत्येक किलोसाठी शरीराच्या स्वतःच्या एका किलोच्या मानाने सुमारे चार ते सहा पट शक्ती खर्च झाली. काळ्या रानात बुटांना चिकटलेला चिखल वेळोवेळी खरवडून काढणे किती हिताचे आहे, हे यावरून ध्यानी येईल.

चालण्यास साहाय्य करणाऱ्या साधनांचीही अशीच परीक्षा झाली आहे. 2015 साली अमेरिकेत घोट्याला बांधावयाचे, यंत्राविना चालणारे स्प्रिंगचे साधन निरोगी माणसांवर तपासले गेले. त्यामुळे चालण्याचे श्रम सुमारे 7 टक्क्यांनी कमी झाले. तथापि स्प्रिंग फार ताठ घेताच हा लाभ नाहीसा झाला. साधन चांगले की वाईट, हे ते अंगावर घालून चालल्याशिवाय ठरत नाही.

ही परीक्षा गावातही करता येते. सपाट वाटेवर 20 मीटर अंतर आखावे. पंप स्वच्छ धुऊन त्यात साधे पाणी भरावे. एकाच व्यक्तीस त्याच पादत्राणांसह प्रथम मोकळे, नंतर पंप घेऊन आणि शेवटी पट्टे नीट करून चालवावे. दर वेळी पावले, सेकंद व चालून झाल्यावर 15 सेकंदांतील नाडीचे ठोके लिहून ठेवावेत. मध्ये पुरेशी विश्रांती द्यावी. ओलसर मऊ मातीवर उमटलेल्या ठशांवरून डाव्या-उजव्या पावलांतील फरकही मोजता येतो.

फवारणीच्या दृष्टीने या आकड्यांचे मोल मोठे आहे. समजा, 20 मीटर अंतर ताजेपणी 20 सेकंदांत तोडले आणि दमल्यावर त्यालाच 25 सेकंद लागले; नोझलमधून पाणी सारख्याच वेगाने पडत असेल तर दुसऱ्या खेपेस तेवढ्याच कपाशीवर सव्वापट औषध पडते. पैसा वाया जातो, पिकालाही अपाय होऊ शकतो.

म्हणून पट्टे रुंद व गादीचे असावेत, ते दोन्ही खांद्यांवर घ्यावेत आणि पंप पाठीला लागून राहील असे आवळावेत. कमरपट्टा असल्यास काही भार कमरेवर जातो. पंप जड वाटत असेल तर 10 ते 12 लिटरच भरावा. औषधही त्याच हिशेबाने कमी घ्यावे. कापूस वेचणाऱ्या भगिनींनी ओटी जड होण्याआधीच रिकामी करावी. मात्र ओझे कमी करण्याच्या नावाखाली हातमोजे, मुखपट्टी व चष्मा कधीही टाळू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नवे साधन सुचविण्यापूर्वी ते शेतकऱ्याच्या अंगावर घालून, ठराविक अंतर चालवून पाहावे. चाल बिघडविणारे साधन स्वस्त मिळाले तरी महागच पडते.