‘पॉझिटिव्ह’ बोका घरात आणताना

सोसायटीच्या आवारात वाढलेला बोका लगेच ओळखू येतो. रुंद गालफडे, फाटलेल्या कानाच्या कडा, अंगावर जुन्या जखमांचे व्रण. असा एखादा बोका कुणाला तरी लळा लावतो. आधी जिन्यात झोपतो, मग दाराशी येऊन बसतो. त्याला घरात घ्यायचे ठरले की पहिली फेरी पशुवैद्यकाकडे होते. तिथे रक्ताच्या काही थेंबांवर तपासणी होते आणि थोड्याच वेळात निकाल हाती येतो : ‘एफआयव्ही पॉझिटिव्ह’. ‘म्हणजे मांजरांचा एड्सच,’ असे कुणीतरी म्हणते आणि घरातले वारे फिरते. मुलांना लागण होईल का? घरातल्या मांजरीचे काय? हा जगणार तरी किती? या धास्तीने काही बोके पुन्हा रस्त्यावर जातात. खरे तर या प्रश्नांची उत्तरे वैद्यकशास्त्राकडे आहेत आणि ती वाटतात तेवढी भयंकर नाहीत.

विषाणू मांजराचा, माणसाचा नव्हे

एफआयव्ही हा मांजरांची प्रतिकारशक्ती खालावणारा विषाणू. १९८६ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधक नील्स पेडरसन आणि जेनेट यामामोटो यांनी तो शोधून काढला. पेटालुमा या गावी एकत्र ठेवलेल्या मांजरांपैकी काही वारंवार आजारी पडून दगावत होती. त्यांच्या रक्तातून हा विषाणू वेगळा करण्यात आला आणि १९८७ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले.

एचआयव्ही आणि एफआयव्ही एकाच कुळातले आहेत, म्हणून ‘मांजरांचा एड्स’ हे नाव चिकटले. पण कूळ एक असले तरी एफआयव्हीची लागण माणसाला होत नाही. मांजर चावले, ओरबाडले तरी हा विषाणू माणसात रुजत नाही. मांजराच्या शरीराबाहेरही तो फार टिकत नाही. साबण आणि नेहमीच्या जंतुनाशकांनी तो नष्ट होतो.

मांजरांमध्ये तो पसरतो मुख्यतः खोल चाव्यातून. बाधित मांजराच्या लाळेतला विषाणू दाताबरोबर थेट जखमेत उतरतो. त्यामुळेच हद्दीसाठी आणि माद्यांसाठी भांडणाऱ्या, नसबंदी न झालेल्या बोक्यांमध्ये ही लागण अधिक दिसते. एकमेकांना चाटणे, एका ताटलीत खाणे यातून धोका कमी असतो. अमेरिकेतील एका निवारा-घरात बाधित आणि निरोगी मांजरे एकत्र मोकळी राहत होती. त्यांच्यातील निरोगी मांजरांपैकी ४५ मांजरांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा एकालाही लागण झालेली नव्हती. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. भांडखोर नसलेली, नसबंदी झालेली मांजरे एका घरात राहू शकतात, असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

आजाराची चाल

लागण झाल्यावर सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताप येतो, गाठी सुजतात. रस्त्यावरच्या मांजरात हे बहुधा कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यानंतर येणारा शांत काळ अनेक वर्षे चालू शकतो. या काळात मांजर खाते, खेळते, धष्टपुष्ट दिसते. काही बाधित मांजरे म्हातारपणापर्यंत जगतात आणि वेगळ्याच कारणाने जातात. काहींची प्रतिकारशक्ती मात्र हळूहळू खचते. मग हिरड्या व तोंड सुजणे, वजन घटणे, त्वचेचे विकार, बरी न होणारी सर्दी अशा तक्रारी सुरू होतात.

आजार मुळापासून बरा करणारे औषध नाही. एचआयव्हीसाठी वापरले जाणारे झिडोव्हुडीन निवडक मांजरांना दिले जाते, पण त्याने रक्तक्षय होऊ शकतो, म्हणून रक्ततपासणी चालू ठेवावी लागते. प्रत्यक्षात बरेचसे उपचार म्हणजे प्रत्येक लहानमोठा संसर्ग वेळीच आटोक्यात आणणे.

दुसरा विषाणू वेगळा

बऱ्याचदा एकाच तपासणीत दोन विषाणू पाहिले जातात. त्यातला दुसरा म्हणजे ल्युकेमियाचा विषाणू. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे विल्यम जॅरेट आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये तो शोधला. तो लाळेतून, चाटण्यातून, सामाईक भांड्यांतून आणि आईकडून पिल्लांना जातो. काही मांजरांचे शरीर त्याला आवर घालते. ज्यांच्यात तो वाढतच राहतो, त्यांना रक्तक्षय किंवा कर्करोग होण्याची शक्यता मोठी असते आणि त्यांचे आयुष्य बरेच घटते. असे मांजर निरोगी मांजरांबरोबर ठेवू नये. म्हणून ‘पॉझिटिव्ह’ ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो ‘कोणता विषाणू?’

एका निकालावर निर्णय नको

एफआयव्हीची नेहमीची तपासणी विषाणू शोधत नाही, त्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे शोधते. बाधित आईच्या दुधातून ती पिल्लात येतात आणि पिल्लू बाधित नसतानाही निकाल पॉझिटिव्ह येतो. अशा पिल्लाची तपासणी सहा महिन्यांचे झाल्यावर पुन्हा करावी. उलट, नुकत्याच चावा बसलेल्या बोक्यात प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. त्याचा निकाल निगेटिव्ह आला तरी साधारण दोन महिन्यांनी पुन्हा पाहणे योग्य. केवळ या निकालावरून मांजराला दयामरण द्यावे, असे पशुवैद्यकशास्त्र सांगत नाही.

घरात आणल्यावर

सर्वांत आधी नसबंदी. त्याने भटकणे आणि भांडणे कमी होतात. त्यानंतर घराचे दार. हा बोका यापुढे घरातच राहायला हवा. बाहेर सोडला तर तो इतर मांजरांना आजार देईल आणि स्वतः नवे संसर्ग घेऊन येईल. खिडक्या आणि गॅलरीला मजबूत जाळी हवी.

रेबीजची आणि इतर लसी, जंतांचे औषध, पिसवांचा बंदोबस्त पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावा. दर सहा महिन्यांनी तपासणी, वजनाची नोंद आणि तोंडाची पाहणी आवश्यक. बाजारातून आल्यावर मासळीची डोकी, कोंबडीचे तुकडे कच्चेच पुढे टाकण्याची सवय मोडावी. कच्च्या मांसातले जंतू आणि परोपजीवी अशा मांजराला महागात पडतात. अन्न शिजवलेले किंवा तयार मिळणारे असावे. चोवीस तास त्याने अन्नाला तोंड लावले नाही तर वाट पाहू नये. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही देऊ नये. मांजरासाठी एक गोळीही जीवघेणी ठरू शकते.

माणसांनी काळजी घ्यायची ती एफआयव्हीची नव्हे, इतर आजारांची. रस्त्यावरून आणलेल्या कोणत्याही मांजरापासून गजकर्णासारखा त्वचारोग होऊ शकतो. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण-पाण्याने भरपूर धुऊन डॉक्टरांकडे जावे. विष्ठेचा ट्रे रोज साफ करावा. गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी ते काम दुसऱ्यावर सोपवावे.

घरात घेणे जमत नसेल तर

प्रत्येकाला हे शक्य नसते. घरात भांडखोर मांजर असेल, जाळी बसवता येत नसेल, वरचेवर दवाखान्याचा खर्च झेपणार नसेल, तर ते आधीच मान्य केलेले बरे. अशा वेळी आवारातल्या सगळ्याच मांजरांच्या नसबंदीला हातभार लावणे हाही मोठा उपाय आहे. भांडणे कमी झाली की चावे कमी होतात आणि चाव्यांबरोबर विषाणूचा प्रसारही मंदावतो.

घेण्याचे ठरले तर मात्र तो निर्णय वर्षानुवर्षांचा असतो. हा किती जगेल, हे कोणताही डॉक्टर आज सांगू शकत नाही. पण गणपतीला गावी जाताना याच्याकडे कोण पाहणार, तोंड दुखून खाईनासा झाला तर दात काढण्याचा खर्च कोण करणार, गॅलरीचे दार उघडे राहू नये याकडे लक्ष कोण देणार, हे घरातल्यांना आजच ठरवता येते. याची उत्तरे तयार असतील, तर तपासणीच्या कागदावरचा ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द बोक्याला घराबाहेर ठेवण्याचे कारण उरत नाही.