मूल, कुत्रा आणि छडी

गृहस्थानें स्वतः भोजनास बसण्यापूर्वीं इतर जीवांचा वांटा काढून ठेवावा, हा आपल्याकडील जुना दंडक आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत, वैश्वदेवाच्या प्रकरणीं, कुत्रे, कावळे आणि कृमि यांच्यासाठीं अन्न भूमीवर ठेवण्यास सांगितलें आहे. आणि तें फेंकावें असें नव्हे, तर हळूच ठेवावें असें सांगितलें आहे. संस्कृत शिकत असतां हें ‘हळूच’ आम्हांस केवळ वृत्त पुरें करण्यासाठीं घातलेलें पद वाटलें होतें. पुढें तीस वर्षें शाळेंत मुलें आणि त्याहून अधिक वर्षें दारीं कुत्रीं संभाळल्यावर, त्या श्लोकांतील खरी आज्ञा त्याच एका शब्दांत आहे, असें आमचें मत झालें. तें मत कसें झालें हें सांगावें, आणि सांगतां सांगतां कुत्र्याच्या संगोपनाविषयीं कांहीं उपयुक्त गोष्टी वाचकांपुढें ठेवाव्या, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें घर मिरजगांवीं, कर्जत तालुक्यांत, अहिल्यानगराहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. हा मुलूख पर्जन्यछायेचा. ज्वारीचीं रानें, माळ आणि मेंढरांचे कळप यांचा. रेहेकुरीचें काळविटांचें अभयारण्य याच तालुक्यांत आहे. अशा प्रदेशांत कुत्रा ही चैनीची वस्तु नव्हे. धनगराच्या कळपामागें आणि शेतकऱ्याच्या वस्तीवर त्याला नेमलेलें काम असतें, आणि म्हणून त्याला धनीही असतो. आपल्या पांढरपेशा घरांच्या दाराशीं जो कुत्रा येऊन बसतो, त्याची स्थिति मात्र चमत्कारिक असते. सकाळीं त्याला आपण शिळी पोळी घालतों, रात्रीं त्याच्या भुंकण्यावर विसंबून निजतों. पण तो आजारी पडला किंवा कोणास चावला, म्हणजे ‘तो कांहीं आमचा नव्हे’ असें म्हणून मोकळे होतों. ही मोकळीक किती महाग पडते, हें आम्हीं एकदां पाहिलें आहे.

इ. स. १९८७ ची गोष्ट. आम्ही तेव्हां एका खेड्याच्या शाळेंत शिक्षक होतों. सहाव्या इयत्तेंत एक हुशार पण खोडकर मुलगा होता. रस्त्यावर सांपडलेलें एक पिल्लूं दप्तरांत घालून तो वर्गांत घेऊन आला. वर्गांत हंशा पिकला. आम्हीं पिल्लूं बाहेर काढविलें, मुलाच्या हातावर दोन छड्या मारल्या आणि ‘पुन्हां आणलेंस तर चार मिळतील’ असें बजावलें. आठवड्यानें त्याच्या बोटाला चिंधी बांधलेली दिसली.

“काय रे, काय झालें?” आम्हीं विचारलें.

“बाभळीचा कांटा मोडला, गुरुजी.”

आम्हीं त्याला पुढचा धडा काढावयास सांगितला.

सुमारें दोन महिन्यांनीं तो शाळेंत येईनासा झाला. तिसऱ्या दिवशीं आम्ही त्याच्या घरीं गेलों, तों तो अंधाऱ्या खोलींत भिंतीकडे तोंड करून बसलेला. आईनें पाण्याचें फुलपात्र पुढें केलें, त्यासरशीं त्याचा कंठ आंवळला आणि सर्वांग कांपूं लागलें. वाऱ्याची झुळूक लागली तरी तसेंच होई. त्याला नगरास नेलें. परंतु डॉक्टरांच्या हातांत करण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. चवथ्या दिवशीं तो गेला.

नंतर त्याच्या सोबत्यानें रडत रडत सर्व हकीकत सांगितली. पिल्लूं त्यांनीं शाळेमागच्या ओढ्याशीं लपवून ठेवलें होतें. तें चावलें, आणि दोन दिवसांनीं मेलें. घरीं सांगावें तर पोटांत चौदा सुया घ्याव्या लागतील. शाळेंत सांगावें तर गुरुजींची छडी. म्हणून कोणास सांगावयाचें नाहीं, अशी दोघांनीं विद्येची शपथ घेतली होती.

सुयांची भीति आम्हीं घातली नव्हती. छडी मात्र आमचीच होती. त्या दिवसानंतर आम्हीं ती हातांत धरली नाहीं. तेवढ्यानें झालेलें कांहीं फिरत नाहीं, हें आम्ही जाणतों.

या रोगाचें स्वरूप प्रत्येक घरांतील आईबापांस ठाऊक असलें पाहिजे. त्याचा विषाणु रोगी जनावराच्या लाळेंत असतो. चावा, ओरखडा, किंवा फुटलेल्या कातडीला लागलेली जीभ, यांवाटे तो शरीरांत शिरतो आणि मज्जातंतूंच्या मार्गानें मेंदूकडे चढूं लागतो. या प्रवासास बहुधा एक ते तीन महिने लागतात. क्वचित् तो आठवड्याभरांत संपतो, तर क्वचित् वर्षाहूनही अधिक काळ चालतो. एकदां लक्षणें दिसूं लागलीं, म्हणजे रोगी जवळजवळ कधींच वांचत नाहीं. त्यापूर्वीं मात्र उपाय हातांत असतो. पॅरिस येथें लुई पाश्चर यांच्या लसीचा पहिला प्रयोग जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर ६ जुलै १८८५ रोजीं झाला, आणि तो मुलगा वांचला. आपल्या देशांत कसौली येथें १९०० सालीं व कुन्नूर येथें १९०७ सालीं याच कार्यासाठीं पाश्चर संस्था निघाल्या. पोटांतील सुयांची जी धास्ती आमच्या पिढीनें घेतली होती, ती मेंढीच्या मेंदूपासून बनविलेल्या जुन्या लसीची. ती लस २००४ च्या अखेरीस आपल्या देशांत बंद झाली. आतां इंजेक्शनें दंडावर घेतात आणि तीं चार किंवा पांचच असतात. ही एवढी गोष्ट प्रत्येक मुलास आजच सांगून ठेवावी. भीति जुनी आहे, पण ती घरोघरीं अजून जिवंत आहे.

कुत्रा चावल्यास प्रथम जखम वाहत्या पाण्याखालीं धरून साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण दुःखांत दोन मिनिटेंही पंधरा वाटतात. तिखट, चुना, हळद, तेल यांपैकीं कांहींही भरूं नये; घट्ट पट्टी बांधूं नये. नंतर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. दंडाच्या स्नायूंत द्यावयाची लस पहिल्या दिवसापासून मोजून ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशीं देतात. सरकारी रुग्णालयांत कातडींत टोचण्याची पद्धति असेल, तर ०, ३, ७ आणि २८ या दिवशीं. रक्त आलें असेल तर जखमेंत व तिच्याभोंवतीं प्रतिविषासारखें एक निराळें औषध टोचावें लागतें. तें आवर्जून विचारावें. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, परंतु तो मरतो कीं जगतो याची वाट पाहत उपचार थांबवूं नयेत. आणखी एक गोष्ट : पिल्लूं लहान आहे म्हणून तें निर्धोक समजूं नये, आणि पिसाळलेला कुत्रा नेहमीं धांवत सुटतो असेंही नाहीं. कित्येकदां तो मुका होतो, जबडा लोंबकळतो, कोपरा धरून बसतो. आणि घरचीं माणसें ‘घशांत हाडूक अडकलें’ असें समजून त्याच्या तोंडांत हात घालतात.

आतां कुत्र्यास वळण लावण्याविषयीं. जी चूक आम्हीं मुलाच्या बाबतींत केली, तीच बहुतेक घरीं कुत्र्याच्या बाबतींत होत असते. पिल्लानें घरांत घाण केली कीं त्याचें नाक तेथें घासतात आणि पाठींत चपराक देतात. त्यावरून पिल्लूं काय शिकतें? घाण बाहेर करावी, हें नव्हे. तर मनुष्याच्या देखत करूं नये, हें. मग तें पलंगाखालीं जाऊं लागतें. खरा उपाय सोपा आहे. झोपेंतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर पिल्लास लगेच अंगणांत न्यावें; तेथें त्यानें विधि उरकतांच त्याच क्षणीं प्रेमानें बोलावें व लहानसा तुकडा द्यावा. बक्षीस पांच मिनिटांनीं दिलें तर तें कशाचें, हें त्याला समजत नाहीं. घंटेचा नाद आणि अन्न यांचा संबंध कुत्र्याच्या मनांत कसा जडतो, हें रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनीं दाखविलें. शिक्षणाचें सर्व रहस्य त्या लागोपाठ येण्यांत आहे. एका कामासाठीं घरांतील सर्वांनीं एकच शब्द वापरावा. आजीनें ‘बस’, नातवानें ‘सिट’ आणि वडिलांनीं ‘खालीं’ म्हटल्यास बिचारा कुत्रा तीन भाषांचा पंडित कसा व्हावा?

गुरगुरण्याबद्दल कुत्र्यास कधींही मारूं नये. गुरगुरणें ही त्याची सूचना आहे. ‘मला भय वाटतें, दूर व्हा,’ असें तो म्हणत असतो. मार खाऊन तो सूचना देणें सोडतो, भय मात्र सोडीत नाहीं. आणि मग लोक म्हणतात कीं कुत्रा न गुरगुरतांच चावला. शेपूट हलली म्हणजे तो प्रसन्न आहे, असेंही धरून चालूं नये. अंग ताठ, नजर रोखलेली आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असेल, तर शेपूट हलत असली तरी मागें सरावें. मुलांस चार नियम पाठ करवावे : खात असलेल्या, निजलेल्या व पिल्लांजवळ बसलेल्या कुत्र्यास शिवूं नये, अनोळखी कुत्रा अंगावर आल्यास पळूं नये, झाडासारखें स्तब्ध उभें राहावें, कुत्र्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊं नये, आणि दांत लागला, ओरखडा उठला, तर तत्काळ घरीं सांगावें. चवथा नियम पाळला जावा अशी इच्छा असेल, तर सांगणाऱ्या मुलास रागावूं नये, हा पांचवा नियम वडील माणसांसाठीं आहे.

आहाराविषयीं आपल्या घरांत पुष्कळ गैरसमज आहेत. कांदा व लसूण कुत्र्यास अपायकारक आहेत. म्हणून आमटीभात, भाजी कालवलेली भाकरी त्याला घालूं नये. द्राक्षें, मनुका, बेदाणे हीं तर त्याच्या मूत्रपिंडांस घातक होतात. प्रसादाच्या शिऱ्यांतील बेदाणा आपल्या दृष्टीनें कितीही पवित्र असला, तरी कुत्र्यास तो देऊं नये. चॉकलेट हेंही विषच. पोळी-दुधावर कुत्रा जगतो, पण पोसत नाहीं, आणि कित्येकांस दूध पचतही नाहीं. ज्यांच्या घरीं अंडें-मांस वर्ज्य आहे, त्यांनीं बिनमसाल्याचें मऊ वरण, दहीं, पनीर यांची जोड द्यावी आणि पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. शिजविलेलीं हाडें घालूं नयेत. त्यांच्या अणकुचीदार कपच्या आंतडीं फाडतात.

आमच्याकडे चैत्र-वैशाखांत ऊन फार कडक असतें. कुत्र्यास घाम जवळजवळ येतच नाहीं, फक्त पंजांच्या तळव्यांस येतो. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा पंखा. त्याला सूर्योदयापूर्वीं फिरवावें, सावलींत पसरट भांड्यांत पाणी सदैव ठेवावें, आणि डांबरी रस्त्यावर आपला उलटा हात पांच सेकंद ठेववत नसेल, तर त्याचे पाय तेथें ठेववूं नयेत. तो उन्हानें झिंगूं लागल्यास सावलींत नेऊन अंगावर पाणी ओतावें व डॉक्टरांकडे न्यावें. त्याच्या शरीराची स्वाभाविक उष्णता आपल्याहून अधिक, सुमारें १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. म्हणून नुसता हात लावून ताप ठरवूं नये. पावसाळ्यांत कानांमागें आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावी. गोचिडीपासून येणारा ताप कुत्र्याचें रक्त आटवितो.

लसीकरण पिल्लूं सहा ते आठ आठवड्यांचें असतांना सुरू करावें. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे रोग त्याच वयांत गांठतात. पिसाळण्यावरील लस तीन महिन्यांचें झाल्यावर, आणि पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें, बहुधा दरवर्षीं द्यावी. जंताचें औषध वेळोवेळीं द्यावें. कुत्री सुमारें त्रेसष्ट दिवसांत विते. नको असलेलीं पिल्लें पोत्यांत घालून दूर सोडणें हें पाप टाळावयाचें असेल, तर वेळीं शस्त्रक्रिया करवावी. रस्त्यावरील कुत्र्यांविषयीं सरकारचे २०२३ चे नियमही निर्बीजीकरण आणि लसीकरण यांवरच भर देतात.

आमच्या दारीं सध्यां मोत्या नांवाचा एक गांवठी कुत्रा असतो. गेल्या वर्षीं आमच्या सात वर्षांच्या नातीनें तो जेवत असतां त्याचें भांडें ओढलें आणि त्याचा दांत तिच्या मनगटास लागला. आम्ही पडवींत पोथी वाचीत होतों. ती सरळ आमच्याकडे आली आणि म्हणाली, “आजोबा, माझी चूक झाली. मोत्याचा दांत लागला.” आम्हीं पोथी मिटली आणि तिला नळाशीं नेलें. मोत्यास लस टोचलेली होती, तरीही नातीस दवाखान्यांत नेऊन डॉक्टर म्हणाले त्याप्रमाणें सर्व केलें. ती सुई टोचतांना रडली, आणि नंतर मोत्याला भाकरी घालावयास गेली. त्या रात्रीं आम्हांस फार उशिरां झोंप लागली.

भाद्रपदाच्या कृष्णपक्षांत पितरांच्या निमित्तानें आपण गाईस, कावळ्यास आणि कुत्र्यास घांस काढून ठेवतों. पाश्चर यांचा मृत्युदिन, २८ सप्टेंबर, हा जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात, आणि तो बहुधा पितृपक्षाच्याच आसपास येतो. दारच्या कुत्र्याची वार्षिक लस त्याच सुमारास देण्याचा आमचा नेम आहे, म्हणजे ती विसरत नाहीं. वाचकांनीं आपल्या सोयीची कोणतीही तिथि धरावी, परंतु ती आजच दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. आणि घरांतील मुलांस जवळ बसवून, कुत्र्याचा दांत लागल्यास कोणीही रागावणार नाहीं, हें एकवार स्पष्ट सांगावें.