पन्हाळा : गडावरची कोठी आणि गावातली चूल

सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या इस्लामपुराहून पन्हाळ्यास जाणारा प्रवासी वारणा नदी ओलांडून कोल्हापूर जिल्ह्यात प्रवेश करतो. (इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ मध्ये जाहीर केला.) याच नदीच्या नावाने ओळखला जाणारा तह १७३१ मध्ये झाला आणि त्याने सातारा व कोल्हापूर या छत्रपतींच्या दोन गाद्यांच्या सीमा निश्चित केल्या. दोन्ही काठांवर उसाचे मळे पसरले आहेत. वारणानगर आणि कोडोली मागे पडली की सपाटी संपते, चढण लागते आणि थोड्याच वेळात पन्हाळ्याची तटबंदी दृष्टीस पडते.

वाळवा तालुक्यातील शाळांच्या सहलींना हा गड सोयीचा आहे. पर्यटक येथे दोन गोष्टींसाठी येतात : इतिहास पाहण्यासाठी आणि झुणका-भाकर खाण्यासाठी. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः गडाचा इतिहास हा बऱ्याच अंशी धान्याचा आणि ते शिजवणाऱ्या माणसांचाही इतिहास आहे.

वस्ती असलेला गड

कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सव्वातीन हजार फुटांच्या आसपास उंचीवर पन्हाळा वसला आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस हा किल्ला बांधला. पुढे तो यादव, बहमनी आणि आदिलशाही अशा सत्तांकडे गेला. नोव्हेंबर १६५९ मध्ये, अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या काही दिवसांत, शिवाजी महाराजांनी तो प्रथम जिंकला. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी मोजक्या साथीदारांसह तो पुन्हा स्वराज्यात आणला. महाराणी ताराबाईंच्या काळात येथे राजधानी होती व १७८२ मध्ये ती कोल्हापुरास हलवली गेली. कविवर्य मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये याच गडावर झाला.

राज्यातील बहुतेक डोंगरी किल्ले आज निर्मनुष्य आहेत. पन्हाळ्यावर मात्र आजही गाव नांदते. सुमारे तीन हजार लोकवस्तीच्या या गावास स्वतःची नगरपरिषद आहे. तटाच्या आत शाळा आहेत, कचेऱ्या आहेत, घरे आहेत आणि खाणावळीही आहेत.

अंबरखाना : गडाचे पोट

गडावरील सर्वांत बोलकी वास्तू म्हणजे अंबरखाना. येथे गंगा, यमुना आणि सरस्वती या नावांची धान्याची तीन कोठारे आहेत. त्यांतील गंगा कोठी सर्वांत मोठी असून तिची उंची सुमारे ३५ फूट आहे. आतील जागा सोळा खणांत विभागली आहे. प्रत्येक खणाच्या छतास चौकोनी छिद्र आहे. बाहेरच्या जिन्यांनी वर चढून या छिद्रांतून धान्य आत ओतले जाई. जाड भिंतींमुळे पन्हाळ्याच्या धुवाधार पावसातही साठा कोरडा राहत असे. या कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे आणि त्यात भात, नाचणी व वरी यांचा समावेश असे, असे सांगितले जाते.

या कोठाराचे महत्त्व १६६० च्या वेढ्यावरून ध्यानात येते. सिद्दी जौहरने मार्चमध्ये गडास वेढा घातला आणि महाराज १२ जुलैच्या रात्री बाहेर पडले. शिवा काशीद आणि बाजीप्रभू देशपांडे यांचे बलिदान प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. परंतु त्या आधीचे चार महिने गड लढता राहिला, त्यामागे तटाइतकाच साठवलेल्या धान्याचा आणि तळी-विहिरींतील पाण्याचा आधार होता, हे विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते.

भाकरीमागील शास्त्र

पन्हाळ्यावर पर्यटकांच्या ताटात झुणका, भाकरी, वांग्याचे भरीत, मिरचीचा खर्डा, कांदा आणि दही असते. हे घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्याचे रोजचे जेवण आहे. त्यामागील गृहिणीचे कौशल्य मात्र सामान्य नाही.

गव्हाच्या कणकेस चिवटपणा देणारा घटक ज्वारी आणि नाचणीच्या पिठात नसतो. त्यामुळे पीठ गरम पाण्याने भिजवून भरपूर मळावे लागते. उष्णतेने पिठातील पिष्ट चिकट होते आणि भाकरी न मोडता थापता येते. तव्यावर टाकताच तिच्या वरच्या अंगास पाण्याचा हात फिरवतात, म्हणजे पृष्ठभाग वाळून चिरत नाही. शेवटी विस्तवावर धरली की आतील वाफेने ती फुगते आणि तिला पापुद्रा सुटतो. जिच्या हाताला याचा अंदाज आहे, तिलाच हे साधते.

झुणका हरभऱ्याच्या पिठाचा. पिठले पातळ असते, झुणका कोरडा. डाळीचे पीठ टिकाऊ असल्याने ताजी भाजी नसतानाही तो करता येतो. तृणधान्यात कमी असलेले लायसीन हे अॅमिनो आम्ल हरभऱ्यातून मिळते. म्हणून भाकरी आणि झुणका हे आहारशास्त्राच्या दृष्टीनेही एकमेकांस पूरक आहेत. नाचणीत कॅल्शियमचे प्रमाण तांदूळ वा गव्हाच्या कित्येक पट असते.

वारसा आणि उपजीविका

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत पन्हाळा आहे. या सन्मानाबरोबरच घरे राहतील काय, खाणावळी चालतील काय, हे प्रश्न रहिवाशांच्या मनात उभे राहणे स्वाभाविक आहे.

जागतिक वारसा यादीत नाव आल्याने वस्ती उठवावी लागते, असे नाही. राजस्थानातील जैसलमेरचा किल्ला २०१३ पासून या यादीत आहे आणि तेथेही लोक राहतात. तथापि त्याच किल्ल्याने एक इशाराही दिला आहे. घरोघरी नळाचे पाणी आले, सांडपाण्याची व्यवस्था अपुरी पडली आणि मुरलेल्या पाण्याने किल्ल्याचा पाया पोखरला. पन्हाळ्यावर तर पाऊसच प्रचंड असतो. २०२१ च्या पावसाळ्यात गडावर येणारा मुख्य रस्ता खचला, तेव्हा पर्यटकांवर चालणाऱ्या चुलीही थंडावल्या. सांडपाणी आणि कचरा यांची नीट विल्हेवाट हा म्हणूनच तटबंदीचाही प्रश्न आहे आणि रोजगाराचाही.

कायद्याची बाजूही ग्रामस्थांस ठाऊक हवी. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित आहे. जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी मात्र सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी मिळू शकते. ही माहिती सोप्या मराठीत घरोघर पोहोचली, तर निष्कारण भीती आणि बेकायदा बांधकाम, दोन्हींस आळा बसेल.

काय करता येईल

शिक्षकांनी सहलीचा आरंभ अंबरखान्यापासून करावा. चारशे माणसांना चार महिने किती धान्य लागेल, हे गणित कोठीच्या दारातच मुलांकडून सोडवून घ्यावे. वेढ्याचा अर्थ त्यांना आपोआप उमगेल. डोंगरउतारावर नाचणी पिकवणाऱ्या परिसरातील गावांच्या ग्रामपंचायती आणि गडावर खाणावळी चालवणाऱ्या महिला यांची सांगड घालता येईल. जे धान्य एके काळी गंगा कोठीत साठत होते, त्याची भाकरी पर्यटकाच्या ताटात आली, तर चार पैसे शेतकऱ्याच्याही हाती पडतील. पर्यटकांनी प्लास्टिक गडावर नेऊ नये, नेलेच तर परत आणावे.

पन्हाळ्याचे तट शिलाहारांपासून मराठ्यांपर्यंत अनेकांनी उभारले आणि सांभाळले. त्या तटांच्या आत आजही सकाळी चूल पेटते, हे या गडाचे वैशिष्ट्य आहे. तटांची निगा राखताना ती चूल विझणार नाही, याची काळजी घेणे हे शासन, नगरपरिषद आणि नागरिक या सर्वांचे समान कर्तव्य होय.