पाण्याखालील दोर तोडणारी दूरनियंत्रित साधने : तत्त्व, रचना आणि उपयोजन

सारांश

समुद्रतळाशी नांगरलेली मापन-उपकरणे परत मिळवण्यासाठी पाण्याखालचा दोर जहाजावरून आज्ञा देऊन तोडावा किंवा सोडवावा लागतो. अशा साधनांचे भौतिक तत्त्व, त्यांचे प्रमुख प्रकार, त्यांची विश्वसनीयता आणि त्यांच्या वापरातून उद्भवणारे सुरक्षाविषयक प्रश्न यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

बीजशब्द : ध्वनिसंकेत, विमोचक, काडतूसचलित कर्तक, विद्युत्-अपघटन, सागरी केबल

१. प्रस्तावना

पुणे शहर समुद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. तरीही समुद्राच्या पोटात काय चालले आहे, याची नोंद पुण्यातील अनेक संस्थांना हवी असते. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत मान्सूनची प्रारूपे तयार होतात. त्यांना समुद्राचे तापमान व प्रवाह यांच्या निरीक्षणांची गरज भासते. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या, खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांची प्रतिकृती-अध्ययने होतात. प्रतिकृतीतील प्रवाह खऱ्या प्रवाहाशी जुळतो की नाही, हे प्रत्यक्ष मोजमापाशिवाय ठरवता येत नाही.

अशी मोजमापे मिळवण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे नांगरलेली उपकरणमालिका. तळाशी जड नांगर, त्यावर उभा ताणलेला दोर, दोरावर उपकरणे आणि दोर ताठ ठेवण्यासाठी तरंगगोल, अशी तिची रचना असते. पृष्ठभागावर तरंगणारा बोया लाटा, जहाजे आणि मासेमारीची जाळी यांच्या तावडीत सापडतो. म्हणून दीर्घ मुदतीच्या मालिकेचा सर्वांत वरचा तरंगगोलही अनेकदा पाण्याखालीच ठेवला जातो. परिणामी वर्षभर काम करणाऱ्या या मालिकेची कोणतीही खूण वर दिसत नाही. ती परत मिळवायची तर नांगर आणि दोर यांचा संबंध तळाशीच तुटला पाहिजे. बहुतांश मालिकांत नोंदी उपकरणाच्या स्मृतीतच साठत असल्याने, दोर तुटला नाही तर उपकरणासह संपूर्ण वर्षाची नोंद गमवावी लागते.

२. आज्ञा पोहोचते कशी?

हवेत सहज वापरता येणाऱ्या रेडिओलहरी समुद्रात निरुपयोगी ठरतात, कारण खारे पाणी विद्युत्‌वाहक आहे. दहा लाख हर्ट्झ वारंवारतेची लहर अवघ्या पाव मीटर अंतरात सुमारे एक-तृतीयांश तीव्रतेवर येते. दहा हजार हर्ट्झची लहरही अडीच मीटरमध्ये तितकीच क्षीण होते. ध्वनीचे तसे नाही. समुद्रजलात तो सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो आणि योग्य वारंवारता निवडल्यास कित्येक किलोमीटर टिकतो. या साधनांसाठी सर्वसाधारणपणे ८ ते १५ किलोहर्ट्झचा पट्टा वापरतात. याहून उच्च वारंवारतेचा ध्वनी पाण्यात लवकर शोषला जातो, तर फार नीच वारंवारतेसाठी प्रक्षेपक अवाढव्य करावा लागतो.

जहाजाचे यंत्र शक्य तितके शांत करून प्रक्षेपक पाण्यात सोडतात आणि ठरावीक सांकेतिक ध्वनिमालिका पाठवतात. तळावरील ग्राहक अत्यल्प वीज वापरून सतत ऐकत असतो. जहाजांचा किंवा सागरी प्राण्यांचा आवाज आज्ञा समजला जाऊ नये, म्हणून प्रत्येक साधनाला स्वतंत्र संकेत दिलेला असतो. संकेत ओळखताच साधन उत्तर देते. प्रश्न आणि उत्तर यांमधील काळ १.३३ सेकंद असेल, तर अंतर सुमारे १००० मीटर आहे असे समजते. विमोचनानंतर हे अंतर कमी होत जाते आणि मालिका वर येत असल्याची खात्री पटते. वर येण्याचा वेग सेकंदाला एक मीटर धरल्यास हजार मीटरसाठी सुमारे १७ मिनिटे लागतात.

३. तोडण्याच्या पद्धती

(अ) यांत्रिक विमोचक : ही आज सर्वाधिक प्रचलित पद्धत आहे. येथे दोर प्रत्यक्ष कापला जात नाही. लहान मोटर खटका फिरवते, आकडा उघडतो आणि नांगर तळाशीच राहतो. सुमारे ४३ सेंटीमीटर व्यासाचा एक पोकळ काचगोल साधारण २५ किलोग्रॅमचे उत्प्लावक बल देतो. असे काही गोल संपूर्ण मालिका वर उचलतात. साधन पुन्हा वापरता येते, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

(आ) काडतूसचलित कर्तक : जलरोधक पोलादी नळीत प्रणोदकाची अल्प मात्रा, त्यापुढे दट्ट्या आणि दट्ट्याच्या टोकाला छिन्नीसारखे पाते असते. विजेच्या स्पंदाने प्रणोदक पेटतो, वायूच्या दाबाने दट्ट्या झेपावतो आणि ऐरणीवर टेकलेला पोलादी दोर काही सहस्रांश सेकंदांत तुटतो. लहान आकारात प्रचंड बल हे याचे वैशिष्ट्य. मात्र ते एकदाच वापरता येते, आणि स्फोटकविषयक परवाने, साठवण व वाहतूक यांची बंधने त्याला लागू होतात. या तंत्राची मूळ विद्या पुण्याला परिचित आहे. पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था आणि सुतारवाडी येथील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा यांचे कार्य नियंत्रित स्फोटातून नेमके यांत्रिक काम करून घेण्याशी निगडित आहे. ‘तेजस’ विमानातून वैमानिकाला बाहेर पडता यावे म्हणून वरचे पारदर्शक छत क्षणात छेदणारी प्रणाली पुण्यातच विकसित झाली.

(इ) विद्युत्-अपघटनी तार : हलक्या उपकरणांसाठी पोलादी तारेचा छोटा भाग उघडा ठेवून तिला धनाग्र करतात. समुद्रजलातून प्रवाह जाताच तार विरघळते. ०.५ मिलिमीटर व्यासाच्या लोखंडी तारेचा ५ मिलिमीटर भाग उघडा आहे असे समजू. त्याचे वस्तुमान सुमारे ७.७ मिलिग्रॅम भरते. फॅरडेच्या नियमानुसार, लोह द्विसंयुजी रूपात विरघळते असे मानल्यास, त्याला सुमारे २७ कूलोम विद्युत्‌भार लागतो. म्हणजे ०.१ अँपिअर प्रवाहाने साडेचार मिनिटांत तार संपते. प्रत्यक्षात ती असमान झिजते आणि ताणाखाली असल्याने त्याआधीच तुटू शकते. खडकवासल्यासारख्या गोड्या पाण्याच्या जलाशयात वाहकता अल्प असल्यामुळे ही युक्ती कुचकामी ठरते.

(ई) जलदाबचलित कात्री व करवत : दूरनियंत्रित पाणयानाच्या हातात बसवलेली ही साधने जाड दोर, साखळ्या आणि केबल कापतात. येथे यानाला जोडलेल्या तारेतून वीज व आज्ञा मिळत असल्याने चालकाला कॅमेऱ्यातून पाहत काम करता येते.

४. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील उपयोग

गोव्यातील दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने २००८ ते २०१२ या काळात मुंबई, गोवा, कोल्लम व कन्याकुमारी यांच्यासमोरील खंडीय उतारावर प्रवाहमापकांच्या नांगरलेल्या मालिकांतून नोंदी मिळवल्या. पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह ऋतूनुसार दिशा बदलतो. तथापि, त्या ऋतुचक्रावर काही आठवड्यांच्या कालावधीचे चढउतार कसे स्वार होतात, हे जहाजाच्या तुरळक फेऱ्यांतून कळत नाही. त्यासाठी अखंड नोंद लागते. मालिका ठरल्या वेळी वर येणे ही अशा अभ्यासाची पूर्वअट आहे.

म्हणूनच महत्त्वाच्या मालिकेत दोन विमोचक समांतर जोडतात. दोहोंपैकी एकाने काम केले तरी पुरते. समजा, एक विमोचक अपयशी ठरण्याची संभाव्यता ५ टक्के आहे. मग दोन्ही अपयशी ठरण्याची संभाव्यता ०.२५ टक्के येते. हे गणित मात्र दोन्ही अपयशे परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरे. एकाच वेळी बसवलेल्या सदोष बॅटऱ्या, दोहोंवर साचलेले शिंपले किंवा दोघांनाही गाडणारा गाळ ही सामाईक कारणे आहेत. ती असतील तर दुसऱ्या विमोचकाचा आधार पुष्कळसा आभासी ठरतो.

५. दुसरी बाजू : केबलची सुरक्षितता

कापण्याचे साधन कोणाच्या हाती आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई–एडन तारकेबल टाकली आणि मुंबई समुद्रमार्गे लंडनशी जोडली गेली. ५ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने जर्मनीच्या केबल तोडून युद्धातील पहिल्याच दिवसांत तिचा संपर्क कुंठित केला. याउलट, आजचे दुरुस्ती-जहाजही नादुरुस्त केबल अनेकदा तळाशीच कापते, कारण ताणलेली अखंड केबल पृष्ठभागापर्यंत उचलण्याइतकी सैल नसते.

खोल समुद्रातील प्रकाशतंतू-केबल बागेतील पाण्याच्या नळीएवढीच जाड असते. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेटसेवा मोठ्या प्रमाणात मंदावली. मार्च २०२५ मध्ये चिनी संशोधकांच्या एका साधनाची वृत्ते प्रसिद्ध झाली. ४००० मीटर खोलीवर १५० मिलिमीटर व्यासाच्या हिरकलेपित चाकाने चिलखती केबल कापण्याची त्याची क्षमता असल्याचे त्यांत म्हटले होते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराचे कलम ११३ आपल्या ध्वजाखालील जहाजांनी हेतुपुरस्सर केलेली केबलहानी दंडनीय ठरवण्याचे बंधन राष्ट्रांवर घालते. भारताने हा करार १९९५ मध्ये अनुसमर्थित केला. परंतु खोल समुद्रात, साक्षीदाराविना तुटलेल्या केबलमागील हेतू सिद्ध करणे कठीण असते. अपघाताने ओढला गेलेला नांगर आणि मुद्दाम ओढलेला नांगर यांच्या खुणा सारख्याच दिसतात.

६. समारोप

पाण्याखालचा दोर तोडणे ही वरकरणी क्षुल्लक वाटणारी क्रिया ध्वनिशास्त्र, विद्युत्‌रसायन, स्फोटकशास्त्र, संभाव्यता आणि आंतरराष्ट्रीय कायदा या शाखांना एकत्र आणते. महाविद्यालयीन अध्यापनात हा विषय उपयुक्त ठरू शकतो. विद्युत्-अपघटनी तारेचा प्रयोग मिठाचे पाणी, बारीक तार, अमापी आणि घड्याळ एवढ्या साहित्यावर पदवी स्तरावरील प्रयोगशाळेत करता येईल. फॅरडेच्या नियमाने काढलेला काळ आणि प्रत्यक्ष लागलेला काळ यांतील फरकाची कारणे विद्यार्थ्यांनी शोधावीत. हजार मीटर खोल सोडलेले उपकरण परत येईल की नाही, हे ठरवताना अभियंत्यालाही याच फरकाचा विचार करावा लागतो.