कपाटाची किल्ली कोणाकडे?



शाळेत ग्रंथालय आहे का, असे कोणी विचारले की आपण भिंतीजवळच्या कपाटाकडे बोट दाखवतो. कपाट असते, त्यात पुस्तकेही असतात. पण बाहेर कुलूप असते. पुस्तक फाटले, हरवले, तर जडसंग्रह वहीत काय लिहायचे, ही गुरुजींची चिंता. ती खोटी नाही. पण बंद कपाटातले पुस्तक मुलाच्या आधी वाळवीच्या उपयोगी पडते!

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितले आहे. वर्तमानपत्र, मासिके, सर्व विषयांची पुस्तके आणि त्यांबरोबर गोष्टींची पुस्तके. आता तुम्ही म्हणाल, गोष्टींचे एवढे काय? आपल्या डहाणू-तलासरी भागाकडेच पाहा. मसोलीसारखी डहाणूजवळची वस्ती घ्या, नाहीतर आतला एखादा पाडा घ्या. घरी वारली बोलणारे, गुजराती बोलणारे आणि मराठी बोलणारे मूल एकाच बाकावर बसलेले आढळेल. पाठ्यपुस्तकातली मराठी यांपैकी काहींना अर्धी परकीच. अक्षरे ओळखता येतात, पण अर्थ हाती लागत नाही. तिसरी-चौथीपर्यंत समजून वाचण्याची सवय लागली नाही, तर पुढे गणिताचे उदाहरण, इतिहास, विज्ञान, सगळ्यांचीच दारे बंद होतात. गोष्टीचे पुस्तक मूल आपखुशीने पुन्हा पुन्हा उघडते. तोच शब्द चार गोष्टींत चार तऱ्हांनी भेटतो, शेजारी चित्र असते, आणि कोणी न सांगता अर्थ मनात उतरतो.

हा भाग अशा कामाला नवखा नाही. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांचे काम वाढले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्या हात जोडून बसल्या नाहीत. पाड्यावरच्या अंगणात शाळा नेली, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेली, ती कुरणशाळा. गारगोट्या, शिंपले, बिया, पाने हीच शिकवण्याची साधने झाली. साधन साधे होते. ते मुलापर्यंत नेणारे माणूस होते.

पुस्तकांच्या बाबतीतही असेच घडले आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० नंतर पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी पाठवण्याची सोय केली. हे फिरते ग्रंथालय. आज तशी पेटी आपल्या खिशात आहे. पाठ्यपुस्तकातल्या चौकोनी ठिपक्यांच्या खुणेवर मोबाईल धरला की 'दीक्षा'वरचा पाठ उघडतो. १९७१ साली सुरू झालेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने संगणकावर विनामूल्य ठेवले आहेत. 'स्टोरीवीव्हर'वर मराठीत आणि इतर अनेक भाषांत चित्रकथा मिळतात. पाड्यावर रेंज नसेल, तर गावात आलात की त्या उतरवून न्या.

मात्र पेटी आपण होऊन वाचायला शिकवीत नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने सुमारे दीडशे गावांत शेतीविषयक श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. रेडिओवर कार्यक्रम ऐकायचा आणि मग सर्वांनी बसून चर्चा करायची, अशी रीत होती. यंत्र बोलून थांबले की माणसांचे बोलणे सुरू होई, आणि खरे शिक्षण तिथेच होते. मोबाईललाही हाच नियम लावा. गोष्ट पाच मिनिटे दाखवा, दहा मिनिटे तीवर मुलांना बोलू द्या. आधी घरच्या बोलीत, मग मराठीत.

आणखी एक करून पाहा. मुलांना घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून एखादी गोष्ट मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून आणायला सांगा. ती वर्गात ऐका, मुलांकडून वारलीत आणि मराठीत लिहून घ्या, चित्रे काढून घ्या, दोऱ्याने शिवा. हे तुमच्या ग्रंथालयाचे नवे पुस्तक! ज्या आजीला वाचता येत नाही, तिच्याही घरातून शाळेला पुस्तक मिळाले.

खर्च किती? वर्गात एक दोरी बांधून त्यावर पुस्तके टांगा. देवघेवीची वही चौथीच्या दोन मुलांकडे सोपवा. रोज शेवटची वीस मिनिटे वाचनाची. आठवड्यातून एकदा गुरुजींनी किंवा बाईंनी मोठ्याने वाचून दाखवायचे. ग्रामस्थांनीही एक जबाबदारी घ्यावी : एखादे पुस्तक फाटले तर शिक्षकाला दोष देऊ नये. फाटलेले पुस्तक चिकटवता येते. न वाचलेले वर्ष पुन्हा येत नाही.

तेव्हा किल्ली गुरुजींच्या खिशातून काढून मुलांच्या हाती द्या. चार पुस्तके हरवतील खरी, पण चाळीस वाचणारे मिळतील.