हजेरीपटावरील ‘नकुशी’

दि. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे एक सामुदायिक नामकरण समारंभ झाला. तेथे पाळणे नव्हते. कारण ज्यांची नावे ठेवायची होती त्या मुली पाळण्यातून केव्हाच उतरल्या होत्या, त्यांतल्या कित्येक शाळेत जात होत्या. ‘नकुशी’ अथवा ‘नकुसा’ हेच ज्यांचे नाव, अशा २८५ मुली जिल्ह्यातील पाहणीत आढळल्या होत्या. त्या दिवशी त्यांना नवी नावे आणि तशी प्रमाणपत्रे देण्यात आली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री. परदेशी वृत्तसंस्थांनीही त्याची दखल घेतली. समारंभ स्तुत्य होता यात शंका नाही. तथापि ‘नकुशी’ हे नाव जन्मनोंदीपासून शाळेच्या हजेरीपटापर्यंत किती वह्यांतून निर्वेधपणे पुढे सरकले, आणि लिहिणाऱ्या एकाही हाताला ते का खटकले नाही, हा प्रश्न समारंभाच्या उत्साहात मागेच राहिला.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. ओबडधोबड नावे ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. दगडू, धोंडू, केरबा, भिकू ही नावे कोणत्या गावात नाहीत? हे खरे आहे. ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात पुढच्या मुलाला मुद्दाम टाकाऊ नाव देत. दगडाला दृष्ट लागत नाही, केराकडे काळ ढुंकून पाहत नाही, अशी त्यामागची भाबडी समजूत. नावात धोंडा असल्याने धोंडो केशव कर्वे यांच्या कार्याला यत्किंचितही उणेपणा आला नाही. अशा नावांत तुच्छता वरवरची असते. आत असते ती मूल गमावण्याची भीती, म्हणजे मायाच. 

परंतु याच चालीतले ‘नथू’ हे नाव पाहावे. मुलगा वाचावा म्हणून त्याचे नाक टोचून त्यात नथ घालीत, जेणेकरून ही मुलगीच आहे असे समजून मृत्यू पुढे निघून जाईल. मुलगी कोणालाच नको असते, तेव्हा ती काळालाही नको असणार, हे येथे गृहीतच धरलेले आहे. दगडू आणि नकुशी यांतील अंतर नेमके येथे आहे. दगडूचे नाव काळाला फसविण्यासाठी आहे. नकुशीचे नाव कोणालाही फसवीत नाही. तिसरी वा चौथी मुलगी झाली की हे नाव ठेवायचे, म्हणजे पुढचा मुलगा होतो, ही समजूत. नाव तिचे, पण त्यातील प्रार्थना दुसऱ्यासाठी. हा दोष एकट्या साताऱ्याचा नाही. तामिळनाडूत मुलीला ‘वेंडाम’, म्हणजे ‘नको’, असे नाव दिलेले आढळते. हरियाणात ‘भतेरी’, म्हणजे ‘पुष्कळ झाल्या’. चीनमध्ये ‘झाओदी’, म्हणजे ‘धाकट्या भावाला बोलावून आण’.

हे परंपरेला धरून आहे असेही म्हणता येत नाही. गृह्यसूत्रांनी मुलाच्या नावात सम आणि मुलीच्या नावात विषम अक्षरे असावीत इथपर्यंत बारकावा पाळला. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीचे नाव उच्चारास सोपे, स्पष्ट अर्थाचे, मनोहर आणि मंगल असावे असे सांगितले आहे. अर्थात त्याच अध्यायात, दोनच श्लोक आधी, शूद्राचे नाव मात्र निंदाव्यंजक असावे असा दंडकही आहे. तेव्हा ‘केवळ नावच तर आहे’ असे म्हणणाऱ्यांनी हा श्लोक अवश्य वाचावा. माणसाला खाली ठेवायचे असेल तर आरंभ नावापासून करावा, हे शास्त्रकारांना पक्के ठाऊक होते.

आजचा कायदा या बाबतीत मौन पाळतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. त्याच्या १४ व्या कलमाने मुलाचे नाव नंतरही नोंदविण्याची सोय केली आहे. पहिल्या १२ महिन्यांत त्यासाठी शुल्क नाही. परंतु नाव कसे असू नये, याविषयी त्यात अक्षर नाही. निबंधकाने सांगितलेले नाव लिहून घ्यावे, इतकेच.

इतर देश इतके उदासीन नाहीत. आइसलँडमध्ये मान्य नावांची सूचीच आहे. सूचीबाहेरचे नाव समितीपुढे जाते आणि ते त्या भाषेच्या व्याकरणात चालते की नाही हेही तपासले जाते. फ्रान्सने १९९३ मध्ये आईबापांना नावाचे स्वातंत्र्य दिले, परंतु नाव मुलाच्या हिताविरुद्ध वाटल्यास नोंदणी अधिकाऱ्याने ते सरकारी अभियोक्त्याला कळवावे, अशी तरतूद ठेवली. न्यूझीलंडमध्ये हुला नृत्याविषयीचे एक अख्खे वाक्यच एका मुलीचे नाव होते. ती नऊ वर्षांची झाली तरी जवळच्या मैत्रिणींनाही ते सांगत नसे. अखेर ते बदलता यावे म्हणून न्यायालयाने तिला आपल्या पालकत्वाखाली घेतले. हे प्रकरण २००८ साली गाजले. 

आइसलँडची सूची आपल्याकडे आणणे हा अविचार ठरेल. ज्या देशात प्रत्येक जातीची, भाषेची, पंथाची नावे वेगळी, तेथे ‘चांगले नाव’ कोणते हे सरकारी समितीने ठरवू लागणे म्हणजे मनूच्या श्लोकाला नवा शिक्का मारणे होय. दयाराम उत्तम आणि दगडू त्याज्य, असे ठरविण्याचा अधिकार कोणालाही नसावा. ‘बलुतं’कार दया पवार यांचे मूळ नाव दगडूच होते, आणि १९७८ साली आलेल्या त्या पुस्तकात आपली कहाणी सांगतो तोही दगडूच.

फ्रान्सच्या तरतुदीतील कसोटी मात्र घेण्याजोगी आहे. नाव आईबापांच्या आवडीचे आहे की नाही यापेक्षा ते मुलाच्या हिताचे आहे की नाही, हे पाहावे. हा विचार आपल्या न्यायालयांनाही परका नाही. आईबापांचे एकमत होईना म्हणून जन्मदाखल्यावर नावच नसलेल्या, आणि त्यामुळे शाळेत अडलेल्या एका मुलीचे नाव २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने स्वतः ठरविले. आईबापांच्या हक्कापेक्षा मुलीचे हित वरचे, हे त्यामागचे सूत्र होते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. म्हणजे त्यावर एकदा उमटलेले नाव पूर्वीपेक्षा अधिक चिवटपणे चिकटणार. पुढे ते बदलायचे तर राजपत्रात जाहिरात, तिचे शुल्क, मग आधार, बँक आणि गुणपत्रिका. हा खटाटोप शहरातील कारकुनालाही जड जातो. जिच्या नावातच घराने तिला नाकारले, तिच्यासाठी तो कोण करणार? साताऱ्यात २८५ जणींसाठी तो प्रशासनाने केला. हेच काम समारंभाशिवाय, एकेका मुलीसाठी, पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी होऊ शकते. प्रवेशअर्जावर असे नाव दिसले की मुख्याध्यापकाने आईला बोलावून विचारावे, आणि तिने नवे नाव सांगितले तर विनाशुल्क, एकाच अर्जावर, ते शाळेच्या नोंदीत आणि जन्मदाखल्यावर बदलून मिळावे. त्यासाठी नवा कायदा लागेल असे नाही. नियमांत दोन ओळींची भर पुरे. बारशाला कानात नाव सांगते ती आत्या, म्हणजे घराची मुलगीच. ‘नकुशी’ हे नावही त्या कानात पहिल्यांदा तिनेच सांगितलेले असते.